माफीचा अधिकार कुणाचा?

ऑगस्ट उजाडला की आपल्या घराघरांत एक छोटी गडबड सुरू होते. मुलांचे पांढरे कपडे धुऊन इस्त्रीला जातात, शाळेत म्हणायचे गाणे पाठ होते, झेंडावंदनाला उशीर होऊ नये म्हणून अम्मी फज्रच्या नमाजनंतर पुन्हा झोपत नाही. २०२२ चा १५ ऑगस्ट तर खास होता. स्वातंत्र्याला पंचाहत्तर वर्षे पूर्ण झाली होती. 'घरोघरी तिरंगा' मोहिमेमुळे चाळींच्या गॅलऱ्यांपासून मोहल्ल्यातल्या दुकानांपर्यंत सगळीकडे झेंडे लागले होते. त्या सकाळी लाल किल्ल्यावरून पंतप्रधान स्त्रियांच्या सन्मानाविषयी बोलले. आपल्या वागण्यातून, रोजच्या जगण्यातून स्त्रीचा अपमान करणारी प्रत्येक गोष्ट काढून टाकण्याचा संकल्प आपण करू शकत नाही का, असा त्यांचा सवाल होता. ऐकणाऱ्यांना बरे वाटले. आम्हालाही वाटले.

त्याच दिवशी गुजरातमधल्या गोध्रा उपकारागृहाचे दार उघडले आणि अकरा माणसे बाहेर आली. सामूहिक बलात्कार आणि खून या गुन्ह्यांसाठी हे सगळे जन्मठेप भोगत होते. बाहेर त्यांचे स्वागत झाले. तोंडात मिठाई भरवली गेली, गळ्यात हार पडले, कुणी त्यांच्या पायाला हात लावला. ही दृश्ये देशाने पाहिली. बिल्किस बानोनेही पाहिली असतील. ज्या गुन्ह्यासाठी ही माणसे तुरुंगात होती, तो तिच्यावर आणि तिच्या घरच्यांवर झाला होता.

या घटनेला आता काही वर्षे झाली. सर्वोच्च न्यायालयाने ती सुटका रद्द केली, गुन्हेगार पुन्हा आत गेले, आणि वर्तमानपत्रांच्या दृष्टीने विषय संपला. तो संपलेला नाही, असे आम्हाला वाटते. विशेषतः महाराष्ट्रात राहणाऱ्यांसाठी तर नाहीच. ते का, हे सांगण्यासाठी सगळी हकिगत क्रमाने मांडावी लागेल.

ईदला माहेरी आलेली मुलगी

२००२ च्या फेब्रुवारीत बकरी ईद झाली. दाहोद जिल्ह्यातल्या रंधिकपूर या आपल्या माहेरच्या गावी बिल्किस ईदसाठी आली होती. वय एकवीस, पोटात पाच महिन्यांचे बाळ, आणि कडेवर तीन वर्षांची सालेहा. २७ फेब्रुवारीला गोध्रा स्थानकात रेल्वेचा डबा जळाला आणि गुजरात पेटले. जीव वाचवायला हे कुटुंब गाव सोडून निघाले. कधी कुणाच्या आश्रयाला, कधी शेतात, असे लपतछपत चाललेल्या या माणसांना ३ मार्चला जमावाने गाठले. बिल्किसवर सामूहिक बलात्कार झाला. तिच्या डोळ्यांदेखत घरच्यांना मारले गेले. सालेहाला जमिनीवर आपटून ठार केले. बिल्किस मेली असे समजून हल्लेखोर निघून गेले. हल्ला करणारे परके नव्हते. गावातलेच, तिच्या ओळखीचे होते.

शुद्धीवर आल्यावर ती लिमखेडा पोलीस ठाण्यात गेली. तिथे लिहून घेतलेल्या फिर्यादीत तिने सांगितलेली नावे आली नाहीत, बलात्काराचा उल्लेखही आला नाही. जेमतेम वर्षभरात गुन्हेगार सापडत नाहीत असे सांगून प्रकरण बंद करण्यात आले. लिहितावाचता न येणारी, सगळे काही गमावलेली ही स्त्री तिथेच थांबली असती तर कुणी तिला दोष दिला नसता. ती थांबली नाही. राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाचे दार तिने ठोठावले, मग सर्वोच्च न्यायालयाचे. डिसेंबर २००३ मध्ये तपास सीबीआयकडे गेला. गुजरातमध्ये साक्षीदार निर्भयपणे बोलू शकणार नाहीत, हे पटल्यावर २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने खटला मुंबईला हलवला.

इथे महाराष्ट्र या कहाणीत येतो. मुंबईच्या विशेष न्यायालयात बिल्किस उभी राहिली आणि तिने एकेकाला ओळखले. २१ जानेवारी २००८ रोजी अकरा जणांना जन्मठेप झाली. मे २०१७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ती कायम केली. शिवाय खालच्या न्यायालयात सुटलेल्या पोलिसांना आणि डॉक्टरांनाही दोषी ठरवले. एप्रिल २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गुजरात सरकारला आदेश दिला की, बिल्किसला पन्नास लाख रुपये भरपाई, सरकारी नोकरी आणि राहायला घर द्या. त्या वेळी तिने सांगितले होते की, या रकमेतला काही भाग दंगलीत होरपळलेल्या स्त्रियांसाठी आणि त्यांच्या मुलांच्या शिक्षणासाठी सालेहाच्या नावाने ठेवायचा. सालेहाचा मृतदेह तिला मिळाला नव्हता. फातेहा पढायला जावे अशी लेकीची कबर या आईजवळ नाही.

दार कसे उघडले गेले

जन्मठेपेच्या कैद्याने चौदा वर्षे पूर्ण केली की शिक्षामाफीचा अर्ज करता येतो. हा त्याचा हक्क नव्हे, पण अर्जाचा विचार व्हावा एवढे तो मागू शकतो. विचार कुठल्या सरकारने करायचा, हेही कायद्यात स्पष्ट आहे. ज्या राज्यात शिक्षा झाली, त्या राज्याने. गुन्हा कुठे घडला किंवा कैदी कुठल्या तुरुंगात आहे, याला इथे महत्त्व नाही. म्हणजे या प्रकरणात अधिकार महाराष्ट्र सरकारचा होता.

हे त्या कैद्यांना माहीत नव्हते असे नाही. त्यांच्यातला एक जण गुजरात उच्च न्यायालयात गेला तेव्हा २०१९ मध्ये त्याला हेच उत्तर मिळाले की महाराष्ट्राकडे जा. त्याने महाराष्ट्राकडे अर्जही केला. त्यावर मते मागवली गेली. मुंबईच्या सीबीआयने सांगितले, सोडू नका. शिक्षा देणाऱ्या मुंबईच्या विशेष न्यायालयाने सांगितले, सोडू नका. मग याच माणसाने २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयात याचिका केली आणि मधला हा सगळा भाग लपवला. १३ मे २०२२ रोजी त्याला हवा तसा आदेश मिळाला. गुजरात सरकारने आपल्या १९९२ च्या जुन्या धोरणानुसार अर्जाचा विचार करावा, असे त्यात म्हटले होते. गुजरातचे नवे धोरण अशा गुन्ह्यांना माफी देत नव्हते.

आता गुजरात सरकारचे वागणे पाहा. हा अधिकार आमचा नाही, महाराष्ट्राचा आहे, अशी भूमिका त्याच सरकारने सर्वोच्च न्यायालयात मांडली होती. ती भूमिका कायद्याला धरूनच होती. मग निकाल विरुद्ध गेल्यावर फेरविचाराची मागणी करायला हवी होती. एरवी लहानसहान गोष्टींसाठी सरकारे वरच्या न्यायालयात धाव घेतात. इथे मात्र सरकार गप्प बसले आणि जो अधिकार आपला नाही असे काल म्हणत होते, तो आज आनंदाने वापरायला लागले.

तुरुंगाच्या सल्लागार समितीने सुटकेची शिफारस केली. या समितीत भारतीय जनता पक्षाचे दोन आमदार होते. त्यांतल्या गोध्र्याच्या आमदाराने नंतर एका मुलाखतीत सुटलेल्यांच्या जातीचा आणि चांगल्या संस्कारांचा दाखला दिला. गदारोळ झाल्यावर सारवासारव केली. त्याच वर्षीच्या डिसेंबरमध्ये विधानसभा निवडणुकीत पक्षाने त्यांना पुन्हा उमेदवारी दिली आणि ते निवडून आले.

तपास सीबीआयचा असल्यामुळे केंद्राची संमती लागणार होती. ती केव्हा मिळाली, हे देशाला ऑक्टोबर २०२२ मध्ये गुजरात सरकारच्या प्रतिज्ञापत्रातून कळले. ११ जुलै २०२२ रोजी केंद्रीय गृहमंत्रालयाने होकार दिला होता. सीबीआयचा आणि विशेष न्यायाधीशांचा विरोध कागदावर असताना हा होकार गेला. अमृतमहोत्सवानिमित्त कैद्यांना विशेष माफी देण्याच्या ज्या सूचना याच मंत्रालयाने काढल्या होत्या, त्यांत बलात्काराच्या गुन्हेगारांना सोडू नये असे म्हटले होते. सरकारचा खुलासा असा की, ही सुटका त्या योजनेत नव्हतीच, ती वेगळ्या धोरणाखाली झाली. खुलासा कागदावर बरोबर असेल. पण एका हाताने नियम लिहायचा आणि दुसऱ्या हाताने त्याला वळसा घालणाऱ्या कागदावर सही करायची, याला लोक काय म्हणतात हे वाचकांना सांगायला नको.

'चांगल्या वर्तना'ची गोष्टही याच प्रतिज्ञापत्रातून उघड झाली. शिक्षा भोगत असताना या कैद्यांपैकी बहुतेक प्रत्येक जण पॅरोल, फर्लो आणि तत्सम रजांवर एक हजारांहून अधिक दिवस तुरुंगाबाहेर राहिला होता. एकावर तर रजेवर असताना विनयभंगाचा गुन्हा नोंदला गेला होता. आईच्या जनाजाला जायला दोन दिवसांची रजा मिळावी म्हणून तडफडणारे कच्चे कैदी या देशाच्या तुरुंगांत आहेत.

बोलणे एक, करणे एक

दीनमध्ये मुनाफिकाची ओळख सांगितली आहे. बोलतो तेव्हा खोटे बोलतो, वचन देतो आणि मोडतो, अमानत सोपवली तर खयानत करतो. लहानपणी मदरशात किंवा घरी हे आपण सगळ्यांनीच ऐकलेले आहे. माणसाच्या मनात काय आहे हे अल्लाहच जाणतो, म्हणून कुणा एका व्यक्तीवर हा शिक्का मारण्याचे काम आमचे नाही. पण सरकारचे बोलणे आणि करणे या दोन्ही गोष्टी उघड्यावर असतात. त्या शेजारी शेजारी ठेवून पाहणे हा नागरिकाचा हक्क आहे, आणि कर्तव्यही.

२०१९ मध्ये एका दमात दिलेल्या तीन तलाकला गुन्हा ठरवणारा कायदा झाला. मुस्लिम भगिनींना न्याय मिळवून दिला, असे सत्ताधारी पक्षाने देशभर सांगितले. १ ऑगस्ट हा 'मुस्लिम महिला हक्क दिन' म्हणून सरकारतर्फे साजरा होऊ लागला. त्या कायद्याच्या बाजूने आणि विरोधात आपल्या समाजात मते आहेत आणि ती असायलाही हवीत. तोंडी तलाकने आपल्या बहिणींचे संसार उधळले, हे खरेच आहे. महाराष्ट्रात तर १८ एप्रिल १९६६ रोजीच हमीद दलवाई यांच्यासोबत सात मुस्लिम स्त्रिया हा प्रश्न घेऊन मुंबईत विधिमंडळावर चालून गेल्या होत्या. तेव्हा या प्रश्नाला हात घालायला कुठलाच सत्ताधारी तयार नव्हता. त्यामुळे एखाद्या सरकारला मुस्लिम स्त्रीची खरोखर कळकळ वाटली, तर तिचे आम्ही स्वागतच करू.

पण ती कळकळ खरी की खोटी, हे कुठे तपासायचे? मुस्लिम पुरुषाच्या विरोधात मुस्लिम स्त्रीची बाजू घेणे या पक्षाला सोपे होते, त्यात त्याचा फायदा होता. कसोटी तेव्हा होती, जेव्हा समोर आपलेच मतदार होते आणि न्याय मागणारी स्त्री मुस्लिम होती. ११ जुलैला संमती देणारे आणि १ ऑगस्टला मुस्लिम भगिनींच्या हक्कांचा दिवस साजरा करणारे सरकार एकच होते. त्यानंतर चौदा दिवसांनी तुरुंगाचे दार उघडले. पुढे मार्च २०२३ मध्ये दाहोद जिल्ह्यातल्या एका सरकारी पाणीपुरवठा योजनेच्या कार्यक्रमात, सुटलेल्यांपैकी एक जण भाजपच्या खासदार-आमदारांसोबत व्यासपीठावर बसलेला दिसला.

आणि बिल्किस? सुटकेपूर्वी तिला कुणी विचारलेही नाही. तिच्या सुरक्षेची चौकशी कुणी केली नाही, हे तिने स्वतः सांगितले. रंधिकपूरमधली कित्येक मुस्लिम कुटुंबे भीतीने गाव सोडून देवगढबारियाला गेली.

आपल्याकडे खुनाच्या बाबतीत माफीचा हक्क मृताच्या वारसांचा मानला आहे. राजालासुद्धा तो त्यांच्यावतीने परस्पर वापरता येत नाही. आम्ही इथे तो कायदा मागत नाही. या देशाची राज्यघटना आणि फौजदारी कायदा आपण मानतो, आणि त्यात शिक्षामाफीचा अधिकार शासनाला आहे. आमचे म्हणणे एवढेच आहे की, जो अधिकार एका आईच्या जखमेशी इतका जोडलेला आहे, तो वापरताना त्या आईची आठवण तरी व्हावी. हा अधिकार शासनाजवळ अमानत म्हणून आहे. तो पक्षाच्या मालकीचा नाही, आणि सणाच्या दिवशी आपल्या माणसांना वाटायची ती मिठाई तर नाहीच नाही.

८ जानेवारीचा निकाल

या सुटकेविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात पहिल्यांदा कोण गेले, हे आपल्या मुलांना आवर्जून सांगायला हवे. सुभाषिनी अली, रेवती लाऊल, रूपरेखा वर्मा. तिघीही बिल्किसच्या नात्यातल्या नाहीत की गावातल्या नाहीत. खासदार महुआ मोईत्रा यांनीही याचिका केली. नोव्हेंबर २०२२ मध्ये बिल्किस स्वतः पुन्हा एकदा न्यायालयाच्या पायऱ्या चढली. या देशात आपल्यासाठी कुणी बोलत नाही, असे निराशेने म्हणणाऱ्या तरुणांनी ही नावे लक्षात ठेवावीत.

८ जानेवारी २०२४ रोजी न्यायमूर्ती बी. व्ही. नागरत्ना आणि न्यायमूर्ती उज्ज्वल भुयान यांच्या खंडपीठाने सुटका रद्द केली. मे २०२२ चा आदेश तथ्ये लपवून, न्यायालयाची फसवणूक करून मिळवला होता, म्हणून तो निरर्थक आहे असे सांगितले. गुजरात सरकारने महाराष्ट्राचा अधिकार बळकावला, आपल्या अधिकाराचा दुरुपयोग केला आणि गुन्हेगाराशी संगनमताने वागले, अशा शब्दांत ताशेरे ओढले. दोन आठवड्यांत हजर होण्याचा हुकूम झाला. २१ जानेवारी २०२४ च्या रात्री अकराही जण गोध्र्याच्या तुरुंगात परतले. मुंबईत त्यांना जन्मठेप झाली त्याला त्या दिवशी बरोबर सोळा वर्षे झाली होती. हे ताशेरे काढून टाकावेत म्हणून गुजरात सरकारने फेरविचार याचिका केली. मे २०२२ मध्ये जी याचिका सरकारला सुचली नव्हती, ती स्वतःवर डाग लागल्यावर सुचली. सप्टेंबर २०२४ मध्ये तीही फेटाळली गेली.

निकालानंतर बिल्किसने सांगितले की, दीड वर्षात आपण पहिल्यांदा हसलो, मुलांना कवेत घेतले, छातीवरचा डोंगराएवढा दगड उतरला. बावीस वर्षे न्यायालयात चकरा मारल्यावर एका बाईला एवढेच मिळते, की आहे तो न्याय कुणी हिसकावून घेतला नाही.

आता जबाबदारी आपल्या राज्याची

निकालातली एक गोष्ट मात्र महाराष्ट्राने नीट वाचायला हवी. हे कैदी तुरुंगात राहून कायद्याप्रमाणे पुन्हा माफीचा अर्ज करू शकतात. तो अर्ज येईल तो महाराष्ट्र सरकारकडे. म्हणजे ही अमानत आता आपल्या राज्याच्या हातात आहे. इथल्या सरकारमध्येही तोच पक्ष आहे. उद्या मंत्रालयातल्या एखाद्या टेबलावर ही फाईल आली, तर तिच्यावर काय शेरा पडतो, यावर लक्ष ठेवणे हे गुजरातच्या नव्हे, आपल्या मतदारांचे काम असेल.

लक्ष ठेवायचे म्हणजे काय करायचे? आपल्या आमदाराला, खासदाराला पत्र लिहून विचारता येते की या अर्जाबाबत तुमची भूमिका काय. मत मागायला दारी येणाऱ्याला, मग तो कुठल्याही पक्षाचा असो, बिल्किसचे नाव घेऊन विचारता येते. सभेत भगिनींच्या सन्मानाच्या गोष्टी करणाऱ्याला १५ ऑगस्ट २०२२ ची आठवण करून देता येते. यात घोषणा नको, दगड तर मुळीच नको. तारखा पाठ असल्या तरी पुष्कळ आहे. सत्ताधाऱ्यांचा सगळा भरवसा आपल्या विसरण्यावर असतो.

आणि ही मोजपट्टी दुसऱ्यांना लावण्याआधी स्वतःला लावून पाहावी लागेल. सूरह निसामध्ये न्यायासाठी ठाम उभे राहण्याची ताकीद आहे, मग साक्ष स्वतःच्या, आईवडिलांच्या किंवा नातलगांच्या विरोधात का द्यावी लागेना. मोहल्ल्यातल्या वजनदार माणसाच्या मुलाने एखाद्या गरीब मुलीची छेड काढली, सुनेला मारहाण झाली, तर आपली जमात काय करते? "घरातली गोष्ट घरात मिटवा" म्हणून त्या मुलीलाच गप्प बसवले जात असेल, तर तिलाही न विचारता परस्पर माफी देऊन टाकणारे आपणच असतो. सरकारकडे न्याय मागणाऱ्याला आपल्या ओसरीवरही न्यायच करावा लागतो.

येत्या १५ ऑगस्टला आपली मुले पुन्हा पांढरे कपडे घालून शाळेत जातील. झेंड्याला सलामी देतील, मिठाई घेऊन घरी येतील. त्या दिवशी त्यांना जवळ बसवून सालेहाची गोष्ट सांगावी. भीती वाटू नये अशा बेताने सांगावी, पण पूर्ण सांगावी. तिच्या आईने हार मानली नाही, मुंबईच्या न्यायालयाने तिचे ऐकले, अनोळखी स्त्रिया तिच्यासाठी उभ्या राहिल्या आणि उघडलेले दार पुन्हा बंद झाले, इथपर्यंत. आणि मग सालेहासाठी दुआ मागावी. तिची कबर कुठे आहे हे कुणालाच ठाऊक नाही, पण दुआ कुठूनही पोहोचते.